चीफकाका आणि बुजवलेला चौक

चीफकाका कुठलीही इमारत आधी मागून बघायचे. उभी हयात बोटीवर चीफ इंजिनियर म्हणून गेलेली. निवृत्तीनंतर सिंगापुरात तोआ पायोह भागातल्या फ्लॅटमध्ये एकटेच राहत. दर रविवारी मला लिटिल इंडियात गाठायचे आणि जुन्या दुकानघरांसमोर फोटो काढणाऱ्या गर्दीला वळसा घालून थेट मागच्या गल्लीत न्यायचे. "पुढचं तोंड पाहुण्यांसाठी रंगवतात रे. जिने, पाइप, ओल, खरं सगळं इकडे असतं," म्हणत भिंतीवर तळहात टेकवायचे, इंजिनावर टेकवावा तसा.

खाली दुकान, वर बिऱ्हाड, दारापुढे पाच फुटांचा झाकलेला ओटा आणि मधोमध आकाशाकडे उघडा चौक. त्या चौकावर त्यांचा भारी जीव. घर अरुंद नि खोल, दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, मग उजेड-वारा येणार तो वरूनच. कुणी तो चौक बुजवलेला दिसला की काकांचं डोकं फिरायचं. "बाहेरची नक्षी राखायची आणि आतलं फुप्फुस काढून टाकायचं! वर जतन केलं म्हणून पाटी लावायची. लाजा कशा वाटत नाहीत?" एका कॅफेवाल्याला त्यांनी हे बोटीवरच्या इंग्रजीत चांगलंच सुनावलं. तो थंडपणे म्हणाला, "अंकल, एअरकॉन गॉट लाह." म्हणजे एसी आहे की, चौक कशाला हवा! पुढे महिनाभर काका त्या रस्त्याने गेले नाहीत.

मग आमच्या कंपनीने असंच एक दुकानघर ऑफिससाठी घेतलं. मी हौसेने काकांना दाखवायला नेलं, आणि नेलं ते पुढच्या दारातून. लाकडी झडपा, फुलांच्या फरशा बघून स्वारी खूश झाली. आत येऊन त्यांनी वर पाहिलं. चौकावर पक्कं छत होतं आणि खाली आमची मीटिंग रूम.

"कुणी केलं हे?"

"प्लॅन कंपनीचा होता, काका."

"सही कुणाची?"

माझी होती. दहा खुर्च्या जास्त मावतात, एवढंच बघून मी ती ठोकली होती. इतके रविवार त्यांच्यामागे हिंडूनही!

"चहा तुझ्या घरी घेईन. इथं नाही," म्हणत त्यांनी छत्री उचलली.

तो चहा राहूनच गेला. त्याच महिन्यात ते रत्नागिरीला बहिणीकडे गेले आणि तिथेच वारले. कंपनीचा मला संताप येतो, पाट्या लावणाऱ्यांचाही येतो. पाहुणे आले की ओट्यावर उभे राहून इमारतीचं तोंडभर कौतुक करतात. मग मी त्यांना आत नेतो आणि भर दुपारी दिवे लावतो.