न तपासलेला पेपर

कॉलेजात त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणायचे. मुलं पाठीमागे ‘चाळणी’ म्हणत. बाईंच्या हातून खडा काही निसटायचा नाही. प्रयोगवहीतल्या आकृतीत एक रेघ उगाच असली तरी त्या विचारत, “ही कुठे दिसली तुला?” आमचे विभागप्रमुख म्हणायचे, “बाईंना लग्नपत्रिका पाठवताना जपून पाठवा, दुरुस्त होऊन परत येते.”

मी वनस्पतिशास्त्र शिकवायची, त्या प्राणिशास्त्र. प्रयोगशाळा एकच, टेबलं शेजारीशेजारी. त्यामुळे त्यांचं पेपर तपासणं मी वर्षानुवर्षं जवळून पाहिलं. आमच्या विषयात एक मानाचं जर्नल होतं. त्यात पेपर छापून आला की माणसाकडे बघायची लोकांची नजर बदलायची. तिथे पेपर आला की संपादक आधी स्वतः चाळायचे. अगदीच टाकाऊ असला तर तिथूनच परत. बरा वाटला तर लिहिणाऱ्याचं नावगाव काढून तो त्या विषयातल्या दोन जाणकारांकडे जायचा. कोणी लिहिलंय ते परीक्षकाला कळू नये, कोणी तपासलंय ते लिहिणाऱ्याला कळू नये, असा रिवाज. परीक्षकाने सांगायचं: छापा, दुरुस्त करून छापा, किंवा परत करा. मोबदला काही नाही, आणि नावही कुठे येणार नाही. म्हणून बरेच जण हे काम टाळायचे, किंवा महिनोन्महिने उशाशी घेऊन बसायचे. बाई मात्र आलेला पेपर आधी नुसता वाचत, मग पेन्सिल घेऊन वाचत, मग एक दिवस मध्ये जाऊ देऊन पुन्हा वाचत. परत करायची वेळ आली तर जास्तच लिहीत. म्हणत, “नाही म्हणायचं तर कारण नको का द्यायला? समोरच्याने घाम गाळलेला असतो.”

विषय त्यांचा गोगलगाई. तळ्यातल्या, नखाएवढ्या. गुरांच्या पोटातले काही जंत आधी या गोगलगाईंच्या अंगात वाढतात. बाईंनी आयुष्यभर तेच पाहिलं. लग्न केलं नाही. आई लवकर गेली तेव्हा धाकटा भाऊ शाळेतच होता. वडील पाणीखात्यात कारकून, अबोल. धाकट्याची वेणीफणी सोडून बाकी सगळं मीच केलं, असं बाई हसून सांगायच्या. सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरच्या तळ्यावर त्या नमुने गोळा करायला जात, तेव्हा तोही चड्डी भिजवत मागे. मोठा होऊन त्यानेही तोच विषय घेतला. बाईंना कोण आनंद झाला होता! त्याचा प्रबंध त्यांनी तपासला तो मात्र परक्याचा तपासावा तसा. पानं लालेलाल. तेव्हा तो म्हणाला होता, “ताई, बहीण म्हणून वाचायचं असेल तर वाच. नाहीतर पुन्हा माझं काही वाचू नकोस.” त्यानंतर त्याने आपलं लिखाण त्यांना दाखवलं नाही, आणि त्यांनीही मागितलं नाही.

धाकटा दुसऱ्या शहरात हंगामी प्राध्यापक होता. दरवर्षी नव्याने नेमणूक, दरवर्षी नव्याने धाकधूक. कायम व्हायचं तर मानाच्या जर्नलमध्ये पेपर हवा, असा तिथला नियम. लग्न झालेलं, बायको एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. ती बाईंना फोनवर सांगायची, “ताई, पेपर लिहितायत. जेवायला हाक मारली की अंगावर येतात.”

एके दिवशी दुपारी बाईंचं वाचन अचानक थांबलेलं मला दिसलं. पेन्सिल खाली ठेवली होती. मी म्हटलं, “काय हो, एवढा वाईट आहे?”

“चांगला आहे,” त्या म्हणाल्या. “पण हा आमच्या धाकट्याचा आहे.”

“नाव राहिलं का त्यावर?”

“नाव कशाला हवं? उत्तरेला दगडी पायऱ्या, दक्षिणेला वीटभट्टीची राख. ते तळं मला पाठ आहे. आणि हे वाक्य पाहा. ‘असे म्हणण्याचे धाडस होत नाही, तरी म्हणावेसे वाटते.’ प्रबंधात मी सगळीकडून खोडलं होतं. पठ्ठ्याने पुन्हा घातलंय.”

त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांचा चेहरा उतरला. तिसऱ्या पानावर होत्या. पुढचं पान उलटलं नाही. पेपर पालथा घातला आणि तिथूनच संपादकांना फोन लावला. संपादक त्यांच्याच बरोबरीचे, विद्यापीठात एका वर्गात होते. बोलायला मोठे गोड. फोनमधला आवाज माझ्या टेबलापर्यंत येत होता.

“हा पेपर माझ्या भावाचा आहे असं मला वाटतंय. मी तपासू शकत नाही.”

“अहो मॅडम, कोणाला कळतंय? आधीच दोघांनी नाही म्हटलंय, एक जण उत्तरच देत नाही. तुम्ही पक्षपात करणार नाही हे मी लिहून देतो.”

“प्रश्न मी काय करीन त्याचा नाहीये. मी तपासू नये, एवढंच.”

“बरं बाबा. मग कोणाला देऊ ते तरी सांगा. या विषयातली माणसं तुम्हालाच माहीत.”

या विषयातले नीट वाचणारे दोघेतिघे त्यांना ठाऊक होते. मलाही ती नावं ठाऊक होती, इतक्यांदा ऐकलेली. पण त्या म्हणाल्या, “तेही मी सांगणं बरोबर नाही. बहिणीने निवडलेला परीक्षक तो. तुम्हीच बघा.”

फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा हलका झाला होता. हातून चुकीचं काही झालं नाही, याचं समाधान.

पुढे धाकट्याचा फोन आला की तो आपणहून सांगायचा, “ताई, पेपर पाठवलाय. बघू आता.” त्या नुसतं “बरं” म्हणायच्या. मला म्हणाल्या, “सांगता येत नाही आणि लपवलेलंही बरं वाटत नाही. पण रिवाज तो रिवाज.”

पेपर परत आला. धाकट्याने या वेळी सगळं बाईंकडे पाठवलं, पेपरही आणि परीक्षकांचे अभिप्रायही. सोबत एवढंच, की बहीण म्हणून वाच. बाईंनी मला अभिप्राय दाखवले. एका परीक्षकाने थोड्या दुरुस्त्या सांगून छापा म्हटलं होतं. दुसऱ्याच्या मोजून चार ओळी: विषय जुना आहे, भाषा सैल आहे, आणि मुख्य म्हणजे कोरड्या महिन्यांतल्या नोंदी नाहीत, त्यामुळे निष्कर्ष टिकत नाही. संपादकांनी दुसऱ्याचं ऐकलं होतं.

बाईंनी पेपर माझ्यापुढे उघडला. “हे बघा.”

अख्खा पेपरच कोरड्या महिन्यांवर होता. तळं आटलं की गोगलगाई चिखलात स्वतःला गाडून घेतात, आणि त्यांच्या अंगातला जंतही त्यांच्यासोबत तगून राहतो, एवढंच तर त्याला दाखवायचं होतं. भेगाळलेल्या चिखलातून त्याने कुदळीने ढेकळं काढली होती, फोडून बघितली होती. पानभर तक्ता होता त्याचा.

“वाचलाच नाहीये हो त्याने,” बाई म्हणाल्या. रागाने त्यांचा आवाज चिरकला. मी त्यांना तसं कधी ऐकलं नव्हतं.

त्यांनी संपादकांना पत्र लिहिलं. भावासाठी काही मागितलं नाही. फक्त तक्त्याचं पान सांगितलं, आणि हा अभिप्राय पेपर न वाचता लिहिलेला दिसतो, तिसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावं, एवढंच. उत्तराऐवजी संपादकांचा फोन आला.

“मॅडम, तुम्हीच मला सांगितलंत की बहीण आहात म्हणून तपासणार नाही. मान्य. मग आता हे पत्र कोण लिहितंय? परीक्षक की बहीण?”

“पत्र कोणीही लिहो. पान उघडून बघा ना तुम्ही.”

“मी किती पानं उघडू? तो परीक्षक निदान उत्तर तरी देतो, आणि लगेच देतो. बाकीच्यांच्या मी पाया पडतो. अंक वेळेवर काढायचा असतो हो मला. आणि उद्या बाहेर कळलं की बहिणीच्या पत्रावरून निर्णय फिरवला, तर तुमचंच नाव खराब होईल.”

बाईंनी फोन ठेवला. बहीण असल्यामुळे तपासता येत नव्हतं, आणि बहीण असल्यामुळेच तक्रारही करता येत नव्हती. दोन्ही दारं त्यांनी स्वतःच्या हाताने लावून घेतली होती.

धाकट्याला त्या एवढंच म्हणाल्या, “तुझ्यावर अन्याय झालाय. दुसरीकडे पाठव.” त्याने पाठवला. दुसऱ्या जर्नलने वर्षभर ठेवून घेतला आणि आमच्या कक्षेत बसत नाही म्हणून परत केला. तोवर त्याच्या कॉलेजातली कायमची जागा भरली गेली. हंगामी नेमणूकही पुढच्या वर्षी आली नाही. त्याने तळी साफ करायची औषधं विकणाऱ्या एका कंपनीत नोकरी धरली. गोगलगाई मारायची औषधं. बाईंना हे त्याच्या बायकोने सांगितलं. त्याने सांगितलंच नाही.

काही वर्षांनी जर्नलने बाईंचा सत्कार ठरवला. इतकी वर्षं निरपेक्षपणे पेपर तपासल्याबद्दल. बाईंना जायचं नव्हतं. मीच आग्रह केला. भावालाही बोलवा म्हटलं, आणि त्यांनी बोलावलं. तो आला, बायकोला घेऊन. इस्त्रीचा शर्ट, केस पांढरे व्हायला लागलेले. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो.

संपादक बोलायला उभे राहिले. बाईंच्या काटेकोरपणाचे किस्से सांगितले, लोक हसले. मग त्यांनी आवाज खाली आणला. “आणि एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. यांच्या सख्ख्या भावाचा पेपर आमच्याकडे आला होता. न कळता मी यांच्याकडेच पाठवला. यांनी लगेच ओळखला, आणि तसाच परत केला. मी गळ घातली, तरी नाही. दुसरा परीक्षक सुचवा म्हटलं, तेही नाही. तो पेपर पुढे नापास झाला हो, पण या बाईंनी अवाक्षर...” तिथे ते जरा अडखळले. पत्राची आठवण झाली असावी. मग सावरून म्हणाले, “अशी माणसं आहेत म्हणून विज्ञान उभं आहे.”

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. लोक उभे राहिले. धाकटाही उभा राहिला, टाळ्या वाजवल्या, आणि रांगेतून वाट काढत बाहेर गेला.

बाई व्यासपीठावरून उतरून सरळ बाहेर आल्या. तो चहाच्या टेबलापाशी होता. मी आणि त्याची बायको थोड्या मागे.

“तुझ्याकडे आला होता?” त्याने विचारलं.

“हो.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस.”

“सांगायचं नसतं रे.”

“यांनी आत्ता माइकवर सांगितलं ते?” तो म्हणाला, “बरं, ते जाऊ दे. समज, तू तपासला असतास. खरं सांग, काय लिहिलं असतंस?”

बाईंनी खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं. पण खोटं त्यांना जमायचं नाही. म्हणाल्या, “दोन तक्ते नीट मांडा, भाषा आवरा, आणि छापा.”

तो हसला. “एवढंच लिहायचं होतं गं. आणि ते जमत नव्हतं, तर वाचणाऱ्या माणसाचं एक नाव. तेवढंही नाही?”

“मला वाटलं, ते बरोबर नाही.”

“तू बरोबरच होतीस, ताई. तू नेहमीच बरोबर असतेस.” त्याने हातातला कप टेबलावर ठेवला. “मी मागायला आलो नव्हतो. माझं नाव झाकूनच आला होता ना तो तुझ्याकडे. परक्यासारखंच वाचायचं होतंस, प्रबंध वाचला होतास तसं. तेव्हा बरी परकी झालीस.”

बायकोने त्याच्या दंडाला हात लावला. बाईंना म्हणाली, “ताई, येतो आम्ही. गाडीची वेळ झाली.” गाडीला अजून अवकाश होता हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

भांडण झालं असतं तर मिटलंही असतं. भांडण झालंच नाही. धाकटा पुढेही फोन करायचा, तब्येत विचारायचा. वडील आजारी पडले तेव्हा रजा काढून आला, दवाखान्यात बसला, सगळं केलं. पण वागला पाहुण्यासारखा. फ्रीज उघडायच्या आधी, “ताई, पाणी घेऊ का?” हे बाईंनीच मला सांगितलं. “त्याचं शेंबडं नाक पुसलंय हो मी. पाणी घेऊ का विचारतो.”

त्यांनी जर्नलला एक टिपण पाठवलं: परीक्षकाने नातं सांगून पेपर परत केला तर पर्यायी नावं घ्यावीत, आणि लेखकाने पान दाखवून हरकत घेतली तर ते पान कोणीतरी उघडून बघावं. पुढच्या बैठकीत विचार करू, असं उत्तर आलं. ती बैठक कधी झाली ते कळलं नाही. पेपर तपासायला येत राहिले, आणि बाई ते पूर्वीसारखेच तीनतीनदा वाचत राहिल्या. संपादक भेटले की मला सांगायचे, तुमच्या मॅडम म्हणजे सोनं आहे.

निवृत्तीच्या सुमारास आम्ही टेबलं आवरत होतो. मी धीर करून विचारलं, “बाई, पुन्हा तशी वेळ आली तर तपासाल?”

“नाही,” त्या लगेच म्हणाल्या. “भावाचा पेपर नाहीच तपासायचा.” मग बराच वेळ बाटल्यांवरची जुनी लेबलं नखाने खरवडत राहिल्या. “पण त्याला त्याच दिवशी फोन करीन. म्हणेन, माझ्याकडे आला होता, मी परत केलाय, चांगला आहे. मग गुप्तता मोडली म्हणून काढून टाकलं मला तर टाकलं.”

“आत्ता करा ना फोन. हेच सांगा.”

“सांगितलं,” बाई म्हणाल्या. “गेल्या आठवड्यात. त्याने नीट ऐकून घेतलं, आणि म्हणाला, ‘असू दे ताई, तू मनाला लावून घेऊ नकोस.’ असं तो माझ्याशी कधी बोलायचा नाही हो. असं लोक परक्याशी बोलतात.”