कमी मिठाची कोलंबी

माझ्या धाकट्या भावाच्या गळ्यात तीन वर्षांपूर्वी नळी घालावी लागली, तेव्हापासून त्याचा आवाज घोगरा झाला आहे. तो कशाने आजारी पडला हे आमच्या नात्यात सगळ्यांना माहीत आहे, असं सगळे समजतात. माझ्या बायकोच्या हातच्या कोलंबीच्या लोणच्याने. ते खरं नाही. खरं काय ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मी रत्नागिरीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवत असे. निवृत्त झाल्यावर घरात काही ना काही यंत्रं आणण्याचा छंद लागला. त्यात एक पिशवीतली हवा शोषून तोंड चिकटवणारं यंत्र आलं. घर्र करून पिशवी आतल्या जिनसेला अशी चिकटे, की काजूगराची रेघ न् रेघ दिसे. आठवडाभर मी पोह्याचे पापड, आमसुलं, सुका जवळा, हाती लागेल ते बंद करत होतो. शेजारी बघायला आले की वर्गात सांगावं तसं सांगत होतो. पेल्याखाली मेणबत्ती विझते ना, तसं. हवा नाही तिथे काही जगत नाही. लोणच्यावर तेल का ठेवतात? हवा अडवायला. मग हवाच काढून टाकली तर तेल कशाला आणि मीठ तरी कशाला?

हे वाक्य मी स्वतःच्या तोंडाने बोललो आहे.

दर मे महिन्यात भाऊ सहकुटुंब मुंबईहून येई, आणि परतताना आमच्याकडचं कोलंबीचं लोणचं घेऊन जाई. बायको मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊन कोलंबी स्वतः निवडून आणायची. तिच्या लोणच्यात मीठ आणि लिंबू सढळ असे. त्या वर्षी भावाला डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं, आंबटानेही त्याला जळजळ होई. मी म्हटलं, "त्याच्यापुरतं वेगळं कर. मीठ नावाला, लिंबू नको."

"मग ते लोणचं नाय हो, ती भाजी," ती म्हणाली. "भावोजींना सांगा, घरी गेल्या गेल्या फ्रीजात ठेवा नि दोन-तीन दिवसांत संपवा."

"अगो, मशीन कशाला आणलंय मग?"

"मशीनला काय कळतंय मिठाचं!"

मी हसलो. कोलंबी निवल्यावर चार पाकिटं केली. एस.टी. स्टँडवर भावाने मला विचारलं, "दादा, हे फ्रीजमध्ये ठेवायचं ना?" मी म्हणालो, "काही गरज नाही. आत हवाच नाही. महिनाभर फळीवर ठेवलंस तरी चालेल." बायको तेव्हा पलीकडे जावेशी बोलत होती. तिने ऐकलं नाही.

तीन आठवडे पाकिटं मुंबईच्या उकाड्यात फळीवर राहिली. बेचव म्हणून घरात दुसरं कोणी त्यांना हात लावत नसे. चौथं पाकीट भावाने खाल्लं, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला एकाची दोन माणसं दिसू लागली. पापण्या उचलेनात, घास गिळवेना, संध्याकाळपर्यंत श्वास घेता येईना. पाच आठवडे तो श्वासाच्या यंत्रावर होता. डॉक्टरांनी फोनवर मला समजावून सांगितलं. काही जंतूंना हवा नसलेलीच जागा लागते. मीठ नाही, आंबट नाही, वर उबारा, अशा बंद पाकिटात ते वाढतात आणि विष तयार करतात. वास येईलच असं नाही, पिशवी फुगेलच असंही नाही. म्हणजे माझ्या यंत्राने जंतूंना मारलं नव्हतं, त्यांची सोय केली होती.

फोन ठेवला तेव्हा बायको समोर उभी होती. तिने एकच विचारलं, "फ्रीजात ठेवायला सांगितलंत ना तुम्ही?"

मी म्हणालो, "हो. सांगितलं होतं."

मग तिने स्वतःचीच चौकशी सुरू केली. कोलंबीचा धागा नीट काढला होता का? परतायला कमी पडली का? हात ओला होता का? नात्यातल्या बायका तोंडावर काही म्हणाल्या नाहीत. पण गणपतीत ती स्वयंपाकघरात शिरली की जाऊ म्हणायची, "वहिनी, तुम्ही बसा, आम्ही बघतो." जिने पन्नास माणसांचं रांधलं, ती तीन वर्षं पाटावर बसून दूर्वा निवडत राहिली. मी ते बघितलं आणि बाहेरच्या खोलीत आरतीचं तबक पुसत राहिलो.

या महिन्यात पुतणीचं लग्न ठरलं. जावेने फोनवर सांगितलं, "वहिनींनी फक्त यायचं, काही करून आणायचं नाही हं." बायकोने "बरं" म्हटलं आणि बाहेर जाऊन वाळत घातलेले, अजून ओलेच असलेले कपडे काढू लागली. तिथेच, दोरीच्या या बाजूला उभा राहून मी तिला स्टँडवरचं बोलणं सांगितलं.

ती ओरडली नाही. म्हणाली, "भावोजींना लावा फोन. माझ्यासमोर. मोठ्या आवाजावर."

भावाने सगळं ऐकून घेतलं. मग त्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "दादा, मी विसरलो नव्हतो रे. शुद्धीवर आलो तेव्हापासून लक्षात आहे. तुझं नाव कशाला घ्यायचं म्हणून गप्प राहिलो."

"आणि माझं चाललं?" बायकोने विचारलं.

भाऊ "वहिनी..." एवढंच म्हणाला. तिने फोन माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी तिने मला टेबलाशी बसवलं. "बोललेलं उद्या दोघं भाऊ मिळून मऊ कराल. लिहा. नात्यातल्या प्रत्येक घरी पाठवा. आणि ते मशीन अजून ज्यांच्या ज्यांच्या घरी आहे त्यांच्यासाठीही लिहा."

तर त्यांच्यासाठी: शिजवलेलं अन्न लगेच गार करा, मग बंद करा, आणि फ्रीजमध्येच ठेवा. जास्त दिवस हवं असेल तर बर्फाच्या कप्प्यात. बर्फातली मासळी वितळवायला काढाल तेव्हा आत हवा जावी म्हणून पिशवी आधी कापा आणि फ्रीजमध्येच वितळू द्या. बाहेर राहून गेलेलं पाकीट चाखूनसुद्धा बघू नका, टाका.

पहिल्या खर्ड्यात मी "माझ्याकडून अनवधानाने" असं लिहिलं होतं. तिने वाचलं आणि त्या शब्दावर बोट ठेवलं. "स्टँडवर अनवधान होतं. मला 'हो' म्हणालात तेव्हा नव्हतं."

शब्द खोडला. कोलंबी तिने बरोबर केली होती, बरोबर सांगितलंही होतं. फळीवर ठेवायला मी सांगितलं, आणि तिला खोटं मी बोललो.