डॉइल का हलला

आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीवर कॉर्डेल ओडमचं नाव रंगवलंय. माझ्या नवऱ्याचं नाव कुठे रंगवलेलं नाही, पण तोंडपाठ मात्र सगळ्यांना आहे. डॉइल मॅबरी म्हणजे ऐन वेळी हललेला. तो गाडीत पेट्रोल भरत असला तरी कुणीतरी म्हणणारच, "हलू नको रे डॉइल, सांडेल." पस्तीस वर्षं हेच चाललंय. डॉइल हसतो, माझं मात्र डोकं फिरतं.

डॉइल लाकडाच्या गिरणीत राबला, बापासारखाच. शाळेच्या फुटबॉल संघातही, म्हणजे आमचा हातात बॉल घेऊन पळायचा फुटबॉल, त्याच्या वाट्याला राबणंच आलं होतं. बॉल कधी त्याच्या हातात पडला नाही. त्याने पुढे घुसायचं, समोरच्याला आडवा करायचा आणि मागून कॉर्डेलने बॉल बगलेत मारून त्या फटीतून सुटायचं. नाव कॉर्डेलचं, टाळ्या कॉर्डेलला. पळताना कॉर्डेलचा एक हात डॉइलच्या पाठीवर असायचा. डॉइल मागे वळून बघत नसे, त्याला सगळं त्या हातावरून कळायचं.

शेवटच्या वर्षी आम्ही बाद फेरीपर्यंत पोहोचलो. तो सामना बघायला एका विद्यापीठाचा माणूस येणार होता, खास कॉर्डेलसाठी. त्याला कॉर्डेल पसंत पडला असता तर शिक्षण फुकट, राहणं-जेवण फुकट. नाहीतर आमच्या टेक्ससच्या त्या कोपऱ्यात गिरणी होतीच, तिथून कोण सुटलंय? आणि नेमका त्याआधीच्या सामन्यात कुणाचं तरी अख्खं धूड कॉर्डेलच्या टाचेवर पडलं. उजव्या पायाचा अंगठा उलटा मुडपला.

अंगठा एवढासा, पण त्याने सगळा पोरगा अडवला. सुजून काळानिळा झाला, बुटात जाईना. कोचला कॉर्डेलने सांगितलं की जरासं मुरगळलंय, बाकी काही नाही. खरं फक्त डॉइलला माहीत होतं. त्याने गिरणीतल्या तुटक्या करवतीचा तुकडा घासूनपुसून कॉर्डेलच्या बुटात तळव्याखाली बसवून दिला, अंगठा वाकू नये म्हणून. त्याने दुखणं कमी झालं आणि सरळ पळता यायला लागलं. पण बॉल घेऊन पळणारा सरळ पळतो कुठे? उजवीकडे धाव घ्यायची, उजवा पाय रोवायचा आणि झटकन आत वळायचं. त्या क्षणी अख्ख्या देहाचा भार त्या अंगठ्यावर येतो. तो वाकलाच नाही तर माणूस वळणार कसा?

सामना शनिवारी दुपारी, मोठ्या शहरातल्या मैदानावर होता. खाली सिमेंट, वर प्लास्टिकचं गवत. मी शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचे, त्यामुळे अगदी मैदानाला लागून बसले होते. पहिल्या अर्ध्यात डावीकडून पळून भागलं. मग कोचने उजवीकडचा डाव दिला. डॉइलने वाट मोकळी केली, पण पाठीवरचा हात आज नुसता टेकलेला नव्हता, भार टाकत होता. वळायची वेळ आली आणि हात सुटला. कॉर्डेल वळलाच नाही, सरळ मैदानाच्या कडेबाहेर गेला. पुन्हा तोच डाव, पुन्हा तेच. समोरच्यांचा एक आडदांड गडी कमरेवर हात ठेवून कॉर्डेलच्या पायाकडे बघत राहिला. मग तो आपल्या पोरांना ओरडून म्हणाला, "याचा उजवा पाय गेलाय. पायावर तुटून पडा."

डॉइलने ते ऐकलं. थोडी उसंत मिळताच तो कॉर्डेलच्या कानाशी लागला.

"कोचला सांग. आता रोवलास तर अंगठा मुळापासून जाईल."

"तो माणूस वर बसलाय, डॉइल. आत्ता बाहेर बसलो तर गिरणीतच येईन तुझ्याबरोबर."

"आणि पाय गेला तर?"

"माझा जाईल ना? तोंड उघडलंस तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी."

झालं. डॉइलचं तोंड बंद.

शेवटची काही सेकंदं उरली. आम्ही थोडक्यात मागे, बॉल जिच्यापार नेला की जिंकलो ती रेषा दोन यार्डांवर आणि संधी एकच. कोचचा इशारा आला. कॉर्डेल, उजवीकडून. डॉइल वाकला, हात जमिनीला टेकवला. बॉल निघेपर्यंत कुणी हलायचं नाही, हलला तर पाच यार्ड मागे. डॉइल कधीच हलला नव्हता, कोच पोरांना त्याचंच उदाहरण द्यायचा. तो आडदांड गडी उजवीकडे सरकला आणि त्याच्याबरोबर आणखी दोघे. कॉर्डेल डॉइलच्या मागे उभा होता, सगळा भार डाव्या पायावर घेऊन.

डॉइल हलला. अर्धंच पाऊल.

शिट्टी वाजली. कोचने त्याच्या हेल्मेटची जाळी धरून त्याला खेचत बाहेर आणलं. सात यार्ड पळून काढणं अवघड, म्हणून बॉल हवेतून फेकायला लावला. तो कुणाच्याच हाती लागला नाही. आम्ही हरलो. कॉर्डेलने सगळ्यांसमोर डॉइलच्या छातीला धक्का दिला आणि रडत म्हणाला, "तू हललास. तू!" त्या आठवड्यात डॉइलच्या घराच्या दारावर अंडी फुटली. त्याची आई बिचारी धुवत बसली.

हिवाळ्यात कॉर्डेलचा अंगठा बरा झाला. विद्यापीठाने त्याला घेतलं, चार वर्षं तो तिथे खेळला आणि पुढे शहरात मास्तर झाला. डॉइलने कुणाला चकार शब्द सांगितला नाही. मलासुद्धा आमची धाकटी झाल्यावर सांगितलं, तेही मी खोदून खोदून विचारलं म्हणून.

गेल्या वर्षी शाळेच्या मेळाव्याला कॉर्डेल आला होता. आम्ही सगळे धुरावर भाजलेलं ब्रिस्केटचं मांस खायला बसलो होतो आणि कुणीतरी तो विषय काढलाच. कॉर्डेलने डॉइलच्या गळ्यात हात टाकला. "मी गेलोच असतो रे त्या रेषेपार," तो म्हणाला. "या बाबाने घात केला." सगळे खो खो हसले. माझा काटा ताटातच थांबला. आता बोलतेच, असं मनात आलं होतं.

"गेला असतास," डॉइल म्हणाला आणि पाव मोडायला लागला.

परतताना गाडीत मी फुटले. काय वाट्टेल ते बोलले, कॉर्डेलला कृतघ्न म्हटलं, डॉइलला दगड म्हटलं. डॉइल गाडी चालवत होता. माझा दम संपल्यावर म्हणाला, "रोंडा, त्याला अजून खरंच वाटतं ना, की तो गेला असता?"

"वाटतं. मूर्ख आहे तो."

"बॉल मिळाला असता तर त्याला खरं कळलं असतं."

राग मात्र गेलेला नाही माझा, अजूनही नाही.