गुरुपादप्पाच्या गळ्यातली डबी

“नट आसंल, मावशे. एक नट गेल्यानं बोर काय आटत न्हाई.”

गुरुपादप्पा मिस्तरी असं बोलला खरा, पण मान वर करून बघायला त्याला सवड नव्हती. बोरात अकरा पायपं लोंबत होती. त्यांचा सगळा भार एका चापावर, आणि चापाच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी सहा-सहा बाया ओठंगलेल्या. बारावं पाईप जोडायला तो बोरच्या तोंडावर वाकला होता. तेवढ्यात कायतरी निसटलं, वरच्या लोखंडाला एकदा टण्ण वाजलं आणि खाली गेलं. बऱ्याच वेळानं पाण्याचा बारीक आवाज आला. रांगेत पहिली घागर धुरपताबाईची होती, तिनं काय पडलं म्हणून विचारलं. त्यावर मिस्तरीचं हे उत्तर.

कार्तिक सरत आला होता. लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष, आणि पावसानं सलग दुसऱ्यांदा दगा दिलेला. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन जागच्या जागी वाळली होती. विहिरींत पोरं क्रिकेट खेळत. थंडी मात्र भरपूर होती, कोरडी, ओठ फाडणारी. माणसं हापशावर जगत होती, आणि अहमदपूर तालुक्यातले हापसे गुरुपादप्पावर.

तसा तो शेतकऱ्याच्याच घरातला. बोर पाडायच्या गाडीवर मजूर म्हणून चढला आणि हापसे बसवता बसवता मिस्तरी झाला. पायपाला हात लावून आत सळई तुटलीय का वायसर गेलंय, हे तो सांगायचा. चाळिशी उलटली होती, बोलणं कमी. एक जुनी फटफटी होती, तिच्या दोन्ही अंगाला गोणपाटाच्या पिशव्या आणि पिशव्यांतनं बाहेर आलेले पाने. त्या पान्यांमुळं तो कुणाच्या नजरेतनं सुटायचा नाही.

त्या दिवशी तो नांदेडला निघाला होता. शेजारच्या सांगवी गावचा हापसा तीन दिवस बंद होता आणि चामड्याचं वायसर संपलेलं. आधी सगळं सामान उस्मानाबादहून यायचं. नवा जिल्हा झाला, आता लातूरहून येतं, पण या खेपेचं आलं नव्हतं. ऑफिसातले साहेब म्हणाले, नांदेडच्या बाजारातनं घेऊन या. पहाटे पाचला नीलम्मानं, त्याच्या बायकोनं, दोन सदरे घालायला लावले, मधे वर्तमानपत्राचे चार कागद छातीला गुंडाळले, वरून मफलर. फटफटीवरचा वारा कागदातनं शिरत नाही. निघताना तिनं एकच विचारलं होतं, दोरा बदलला का. तो म्हणाला, आल्यावर.

लोह्याच्या पुढं, कवठ्याच्या वाडीला बायांनी त्याला रस्त्यातच आडवलं. वाडी नांदेड जिल्ह्यातली. तिथला हापसा त्याचा नव्हता आणि त्याला हात लावायचा त्याला हुकूमही नव्हता. हे त्यानं सांगून बघितलं. धुरपताबाई म्हणाली, बोर काय जिल्हा इचारून बंद पडला का? मग तो उतरला. आतली सळई जोडातून सुटली होती. पंधरा पायपं वर काढायची, सळई जोडायची, पंधरा पायपं परत सोडायची. माणसं रोजगार हमीच्या खडीवर गेलेली, म्हणून चापाला बाया लागल्या. उन्हं चढल्यावर त्यानं वरचा सदरा काढला, छातीचे कागद उपसून त्यांनाच हात पुसले. अकरा वाजता पाणी आलं. धुरपताबाईनं भाकर दिली, तांब्याभर पाणी दिलं, आणि हा नांदेडच्या वाटेला लागला.

आता सांगायची गोष्ट ही, की गुरुपादप्पा लिंगायत. लहानपणी गुरूनं बांधलेलं लिंग चांदीच्या डबीत, दोऱ्यात ओवून गळ्यात असायचं. ते अंगावेगळं करायचं नाही, आणि त्याची पूजा केल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही. कामावर चामडं हाताळावं लागतं म्हणून त्यानं आपल्यापुरती एक रीत केली होती. हापशावर वाकायच्या आधी डबी फिरवून पाठीवर टाकायची. त्या दिवशी छातीला कागद घट्ट बसलेले, डबी फिरेना. म्हणून तशीच ठेवली. आणि कागद उपसले तेव्हा दोऱ्याला झटका बसला असणार.

डबी गळ्यात नाही, हे त्याला नांदेडात उमगलं. वायसर घेऊन झालं होतं. हॉटेलात चहा सांगितला, पोऱ्यानं आधी पाण्याचा गिलास ठेवला. पाणी पिताना डबीला हात लावायची त्याची सवय. हात छातीवर गेला आणि तिथंच राहिला. मग सदऱ्याच्या आत गेला. मग पाठीवर, मग कमरेला. वाडीतली भाकर आठवली. त्या वेळी हात लावला होता का? आठवेना. लिंग अंगावर नसताना आपण पाणी पिलो की काय? गिलास तसाच ठेवून तो उठला.

आधी त्याला वाटलं, रस्त्यात पडलं. जिथं जिथं थांबला होता तिथं तिथं तो परत थांबला. गोदावरीच्या पुलाच्या अलीकडं लघवीला उतरला होता, तिथली माती पायानं चाळली. एका बाभळीखाली मफलर बांधला होता, तिथं गुडघ्यावर बसून काटे बाजूला केले. दोन बैलगाडीवाल्यांना विचारलं. काय हरवलं म्हणून त्यांनी विचारलं, तर तोंडातनं लिंग हा शब्द निघेना. चावी म्हणाला. फटफटी पहिल्या गेरात, नजर रस्त्याच्या कडेला, आणि मागून आलेल्या लाल डब्याचा ड्रायव्हर शिव्या देऊन गेला.

त्याची आई बसम्मा. ती गेली त्याला नऊ वर्षं झाली होती, पण तिचं बोलणं काही गेलं नव्हतं. लिंग गेलं की माणसानं बी जावं, असं ती सांगायची. तो लहान असताना गावातल्या एकाचं लिंग नदीत वाहून गेलं. तो माणूस तीन दिवस उपाशी देवळाच्या ओट्यावर पडून होता आणि पोरं लांबून बघत होती. त्या पोरांत हाही होता. त्या माणसाचे ओठ कसे झाले होते, ते त्याला आता दिसू लागलं. त्याचे स्वतःचे ओठ वाऱ्यानं फाटून खारट लागत होते.

वाडी दोन कोस राहिली असताना त्यानं फटफटी बंद केली, पिशव्या रस्त्यावर उपड्या केल्या आणि नट मोजले. घरून सोळा मोजून घेतले होते. वाडीच्या हापशाला एकही लागला नव्हता. सोळा भरले.

म्हणजे बोरात पडला तो नट नव्हता.

वाडीत पोचला तेव्हा अडीच वाजले होते. रांग तशीच, घागरी वाढलेल्या. धुरपताबाईनं त्याचा चेहरा बघितला आणि काही न विचारता तांब्या पुढं केला. त्यानं मान हलवली. तिनं पुन्हा पुढं केला. तो मागं सरकला.

म्हातारीचा चेहरा पालटला. “सकाळी पिलास की ह्याच तांब्यानं. नांदेडला जाऊन आलास तर आमच्या हातचं बाटलं व्हय?”

 बायांतल्या एकीनं हापशाचा दांडा सोडला. वाडी कुणाची होती हे त्याला ठाऊक होतं, आणि आपलं मागं सरकणं कसं दिसलं असेल तेही. आता लपवायची सोय उरली नाही. त्यानं सांगितलं. सकाळी पडला तो नट नाही, माझं लिंग पडलं. ते गळ्यात येईस्तोवर मला पाणी चालत नाही, तुमचं नाही आणि माझ्या घरचंही नाही.

धुरपताबाई तांब्या खाली ठेवून बोरच्या तोंडाकडं बघत राहिली. मागून एक तरणी बाई म्हणाली, “म्हंजे सकाळधरून आमी तीर्थ पिऊन राहिलाव, आन् आमाला सांगितलं बी न्हाई.” दोघी-तिघी हसल्या. गुरुपादप्पाला हसू येईना.

पायपं काढू, असं तो म्हणाला. आणि म्हणता म्हणताच त्याच्यातला मिस्तरी हिशेब करू लागला. डबी तळाला गेली असेल तर दोनशे फुटांवर, वर पन्नास फूट पाणी. गळ सोडून ती हाताला लागणं म्हणजे नशीबच. आणि पाण्याखाली मधेच कुठं खडकाच्या कंगोऱ्याला टेकली असेल तर पायपं ओढताना ती पायपाच्या आणि खडकाच्या मधे पाचरीसारखी बसणार. मग पायपं वर येणार नाहीत, खालीही जाणार नाहीत. असा एक बोर त्यानं बघितला होता, आत पडलेल्या पान्यामुळं गेलेला. तिथली माणसं अजून चार मैलांवरनं पाणी आणत होती.

हे त्यानं मनात ठेवलं असतं तर बायांनी चाप धरला असता. देवाचं नाव काढल्यावर कुणी नाही म्हणणार नव्हतं. धुरपताबाईनं पदर खोचलासुद्धा होता. त्यानं सांगून टाकलं, बोर जाईल असं.

“किती खात्री?” तिनं विचारलं.

“निम्मी.”

“तुझा देव हाय. तू म्हन, आमी धरताव. पन बोर गेल्यावर तू फटफटीवर बसून जाशीन, आमी इथंच ऱ्हानार हाव.”

तो चाप हातात घेऊन उभा राहिला. किती वेळ, ते त्याला सांगता येत नाही. रांगेतल्या एका पोरीनं तेवढ्यात दांडा धरून घागर भरायला घेतली आणि तिला कुणी थांबवलं नाही. पाणी घागरीत पडत होतं, त्याच्याकडं त्यानं बघायचं टाळलं. मग चाप पिशवीत घातला आणि फटफटीला लाथ मारली.

परतीचे पंचेचाळीस किलोमीटर वाईट गेले. उन्हात जोर नव्हता, वारा समोरून. नीलम्मानं गुंडाळलेले कागद वाडीतच राहिलेले, वरचा सदरा घालायचंही भान नव्हतं. माळाकोळीच्या पुढं घसा इतका सुकला की थुंकी गिळता येईना. आणि डोक्यात एकच, त्या पाण्यानं आता भांडी घासतील, म्हशी पितील, पोरांची ढुंगणं धुतील. आपण लिंग सोडून आलो. पडलं ते वेगळं, सोडून आलो ते वेगळं. मठातले स्वामी काय म्हणतील? नवं लिंग बांधायचं नाही म्हणाले तर?

मठात पंचाक्षरी स्वामी ओसरीवर बसून तूर निवडत होते. गुरुपादप्पा पायरीखालीच उभा राहिला. तिथूनच शरणार्थ म्हणून हात जोडले. मग कसंबसं सगळं सांगितलं, वाडीत खाल्लेल्या भाकरीसकट.

स्वामींनी सूप बाजूला केलं. “दोरा कव्हा बदलला व्हता?”

“शिवरात्रीला.”

“शिवरात्र कुठं, कार्तिक कुठं. फटफटीची वायर तरी येवढे दिवस ठिवतोस का रे?”

 त्यानं आईचं बोलणं सांगितलं, लिंग गेलं की माणसानं बी जावं.

“बसम्मा आस्ती तर तिलाच इचारलं आस्तं,” स्वामी म्हणाले. “आता ती न्हाई, मी हाय. जा, अंगावर पानी घे.”

मठाला दिवसाला चार घागरी मिळत. अर्धी बादली त्याच्या वाट्याला आली. हौदाच्या आडोशाला थंडीनं दात वाजत असताना तो त्या अर्ध्या बादलीत न्हाला. नवं लिंग, नवा दोरा, साधी पितळी डबी. स्वामींनी कानात मंत्र सांगितला, महिनाभर एकभुक्त राहायला सांगितलं. पूजा झाल्यावर त्यानं पाणी घेतलं तेव्हा पहिला घोट ठसक्यानं बाहेर आला. बोरातल्या लिंगाचं काय, हेही त्यानं विचारलं. लिंगाला पाणी वर्ज्य नाही, एवढंच स्वामी म्हणाले आणि सूप पुढं ओढलं. गुरुपादप्पाचं त्यानं समाधान झालं नाही. ते अजूनही झालेलं नाही.

बाहेर आला तर फटफटीला टेकून सांगवीचे शेषेराव उभे. घरी जाऊन आले होते, नीलम्मानं इकडं पाठवलं. दुपारपासून माणसं हापशाजवळ बसवून ठेवलीत म्हणाले. मिस्तरीचे ओले केस, लाल डोळे त्यांनी बघितले, पण विचारलं ते वेगळंच.

“वायसर आनलं का?”

“आनलं.”

“मग उजेड हाय तवर चार पायपं तर निघतेत.”

गुरुपादप्पानं गळ्यात हात घालून दोऱ्याची गाठ चाचपली. दुसरी गाठ मारली. शेषेरावांना मागं बसवलं, पिशव्या त्यांच्या मांडीवर दिल्या आणि सांगवीच्या वाटेला लागला.