अण्णानं केलेलं लॅमिनेशन

"हे काय आहे? हॉटेलचं मेनूकार्ड?"

साहेबानं माझी पदवी दोन बोटांत धरून वर उचलली आणि शेजारी बसलेल्या मॅडमना दाखवली. मॅडम हसल्या. दारात फाइल घेऊन उभा असलेला क्लार्क हसला. आणि मग मीपण हसले.

ते तिघं हसले याचं मला एवढं काही नाही. मी का हसले? चार महिने झाले, अजून तेच डोक्यात फिरतंय. हसले नाही तर नोकरी जाईल, अशी भीती वाटली होती. नोकरी अजून मिळालीच नव्हती. तरी जाईल म्हणून घाबरले होते मी.

चिंचोळी एमआयडीसीतली कंपनी. औषधांचा कच्चा माल बनवणारी. लॅबमध्ये एक जागा होती. मी बी.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास, वय सव्वीस. कॉलेज सोडून चार वर्षं झाली. या चार वर्षांत किती ठिकाणी गेले याचा हिशेब मी ठेवणं सोडून दिलं. कुठं अनुभव पाहिजे. कुठं ओळख पाहिजे. कुठं नुसतंच 'कळवतो'. फोन वाजला की काळजात धस्स व्हायचं, आणि नाही वाजला तरी व्हायचं.

साहेबानं आधी गाव विचारलं होतं.

"सोलापूर," मी म्हणाले.

"ते झालं. मूळ गाव?"

"मोहोळ तालुका."

"गावात घर आहे की बाहेर?"

हा प्रश्न लॅबमध्ये लागत नाही. पण तो कशाला विचारतात हे आमच्याकडं शाळेत जायच्या आधी कळतं. "बाहेर," मी म्हणाले. साहेबानं कागदावर काहीतरी लिहिलं. मला उलटं वाचता आलं नाही. त्यानंतर त्यानं माझी पदवी उचलली.

"ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कागद येतो ना, तेच असं लॅमिनेशन करून ठेवतात," तो मॅडमना म्हणाला. मी तिथं नसल्यासारखं. मग माझ्याकडं वळून, "ओरिजिनल असं चालत नाही. शिक्का, होलोग्राम, काही तपासता येत नाही. आठ दिवसांत हे प्लास्टिक काढून आणा. जागा तोवर ठेवतो."

जागा ठेवतो. एवढंच ऐकू आलं मला. बाकीचं सगळं मी गिळलं आणि "थँक्यू सर" म्हणून बाहेर आले.

लॅमिनेशन अण्णानं केलं होतं. अण्णा म्हणजे माझा बाप. सातवी शिकलेला. तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात माग चालवला त्यानं. मागाच्या खटखटीनं त्याचे कान गेले, आणि गेल्या वर्षी मालकानं माग भंगारात घातले तेव्हा कामही गेलं. आता सकाळी उठून आंघोळ करून उंबऱ्यावर बसतो. कामाला जायच्या वेळेलाच उठतो अजून. आई विड्या वळते, त्यावर घर चालतं.

अण्णाचा सातवीचा दाखला पत्र्याच्या पेटीत होता. तरुणपणी एका ऑफिसात शिपायाची जागा निघाली, सगळं जमत आलं होतं, दाखला आणा म्हणाले. अण्णानं पेटी उघडली तर वाळवीनं निम्मा खाल्लेला. गावच्या शाळेत गेला तर जुनं रजिस्टर सापडेना. हेलपाटे घालून घालून जागा भरून गेली, आणि अण्णा मागावर गेला तो तिथलाच झाला. म्हणून माझी पदवी आली तशी दुसऱ्या दिवशी त्यानं माझे सगळे कागद उचलले. दहावी, बारावी, पदवी, जातीचा दाखला, सगळं. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन एकेक करून लॅमिनेशन करून आणलं. टॉवेलात गुंडाळून आणलं होतं त्यानं ते.

"आता पानी लागू दे, वाळवी लागू दे, उंदीर येऊ दे. कायबी व्हत न्हाय," असं गल्लीत सगळ्यांना ओरडून सांगत होता. कमी ऐकू येतं ना, म्हणून स्वतःही ओरडूनच बोलतो. मला तेव्हा लई अभिमान वाटला होता त्याचा.

चिंचोळीवरून आले ती थेट त्याच झेरॉक्सवाल्याकडं गेले. त्यानं पदवी उलटीसुलटी करून बघितली. "ताई, हे निघत नसतंय. कागदाला धरून बसतंय ते. ओढलं तर फाटंल," म्हणाला. विद्यापीठात गेले. दुसरी प्रत मिळते म्हणाले, पण हरवली असेल तर पोलिसांचा दाखला आणा, खराब झाली असेल तर अर्ज करा, मग बघू, दोन-तीन महिने धरून चला. माझ्याकडं सहा दिवस उरले होते.

मोबाइलवर कुणीतरी इस्त्रीनं काढून दाखवत होतं. वर कापड ठेवायचं, इस्त्री फिरवायची, गरम असतानाच कोपऱ्यातून सोलायचं. आई म्हणाली, "नगं गं, हात दावून अवलक्षन व्हईल." पण मला काही सुचत नव्हतं. पदवीला हात लावायची हिंमत झाली नाही, म्हणून आधी बारावीचं मार्कलिस्ट घेतलं. इस्त्री फिरवली. कोपरा सुटला. मी हळूहळू ओढत गेले आणि मध्यावर आल्यावर कागदाची वरची साल प्लास्टिकबरोबर निघून आली. माझं नाव, आईचं नाव, केमिस्ट्रीचे मार्क, सगळं प्लास्टिकला चिकटलेलं. हातात राहिला तो पांढरा, तंतू सुटलेला कागद.

म्हणजे आता मी बारावी पास आहे हे कोण मानणार? चार वर्षं नोकरी नाही ती नाही, आता कागदही नाही. मला अण्णाची पेटी दिसायला लागली.

अण्णा उंबऱ्यावरून उठून आत आला. "निघालं व्हय?"

मी कागद त्याच्यापुढं धरला. त्यानं लांब धरून, जवळ धरून बघितला.

"मी चुकलो का गं?"

आणि मी म्हणाले, "व्हय. कुणी सांगितला होता शहाणपणा?"

अण्णाला एकदा सांगून ऐकू येत नाही. त्यानं कानामागं हात नेला. मग मी तेच परत म्हणाले, त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. गल्लीनं ऐकलं. आईच्या हातातली विडी थांबली. अण्णा परत जाऊन उंबऱ्यावर बसला. साहेबानं मला जे केलं ते मी घरी येऊन बापाला केलं. हे लिहायला पाहिजे.

सातव्या दिवशी अण्णाच म्हणाला, "उद्या मी येतो संगं. सायबाला सांगतो, चूक माझी हाय, पोरीची न्हाय. आडला हरी धरी गाढवाचे पाय. त्यात कसली आलीय लाज."

मी नको म्हणाले नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. म्हातारा माणूस हात जोडतोय म्हटल्यावर साहेबाला दया येईल, असं मी मनात धरलं होतं. भीती माणसाला काय काय करायला लावते बघा.

वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आम्ही गेलो. अण्णानं लग्नाकार्याचा पांढरा शर्ट घातला होता. गेटवर दोन तास बसवलं. आत गेलो तर टेबलापुढं दोन खुर्च्या रिकाम्या. साहेब मला म्हणाला, "बसा." अण्णाला काहीच म्हणाला नाही. मी बसले. अण्णा माझ्या खुर्चीमागं उभा राहिला.

"सायेब, चूक माझी हाय," अण्णा त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला आणि त्यानं हात जोडले.

"ओरडू नका. मी बहिरा नाही."

"ते मागावर होते सर. त्यांना कमी ऐकू येतं," मी म्हणाले. साहेबाला ते ऐकायचं नव्हतं. त्यानं माझी फाइल उघडली, पदवी काढली, तशीच आहे बघून मान हलवली. मग ड्रॉवर ओढून कागद कापायचा कटर काढला आणि टेबलावरून अण्णाच्या बाजूला सरकवला.

"तुम्ही केलंय ना? मग तुम्हीच काढा. इथंच. बघू तरी."

क्लार्क दारातून आत आला. मॅडमनी मोबाइल खाली ठेवला. त्यांना बघायचं होतं.

अण्णाला शब्द ऐकू आले नसतील, पण कटर दिसला. त्याला वाटलं, हे केलं की पोरीला नोकरी लागणार. त्यानं कटर उचलला, पातं बाहेर सरकवलं आणि वाकून पदवीची कड शोधायला लागला. तीस वर्षं ज्या हातांनी चालू मागातला तुटका धागा अंधारात सांधला, त्या हातांना ती कड सापडत नव्हती. पातं प्लास्टिकवर घसरलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. एखादा पोरगा मास्तरकडं बघतो तसं बघितलं माझ्या बापानं मला.

"काढा, काढा. फाटली तर फाटली, अशी तरी कुठं चालतीय," साहेब म्हणाला.

मला त्याच्याकडं बघवेना, अण्णाकडं तर त्याहून बघवेना. म्हणून मी समोरच्या भिंतीकडं बघितलं. साहेबाच्या डोक्यावर कंपनीची सर्टिफिकेटं लावलेली होती. चार. प्रत्येकाला लाकडी चौकट, वर काच. एकाला तर हार घातलेला होता, वाळलेला.

काच होती त्यांच्यावर. धूळ बसू नये, ओल लागू नये, कुणाचा हात लागू नये म्हणून. अण्णानंही तेच केलं होतं की. त्याला काच परवडली नाही, म्हणून त्यानं प्लास्टिक लावलं. मग त्यांचं ते सर्टिफिकेट आणि आमचं ते मेनूकार्ड कसं झालं? आणि काच फोडा, आम्हाला शिक्का तपासायचाय, असं यांना आजवर कोण म्हणालं? गावात घर आहे की बाहेर, एवढं विचारून झाल्यावरच ह्याला माझ्या पदवीत प्लास्टिक दिसलं होतं. कागदाचा प्रश्नच नव्हता. प्लास्टिक नसतं तर दुसरं काहीतरी निघालं असतं.

मी पदवीवर पंजा ठेवला. पातं माझ्या बोटापाशी येऊन थांबलं.

"ठेव अण्णा ते," मी त्याच्या कानात म्हणाले. कटर त्याच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवला. मग उभी राहिले. आवाज चिरकला, डोळ्यात पाणी आलं आणि ते मला थांबवता आलं नाही. पण बोलले.

"सर, कागद खरा आहे. त्यावर नंबर आहे. विद्यापीठात विचारून घ्या. मी तो फाडणार नाही."

"मग नोकरी नाही."

"नसू द्या. पण माझ्या वडलांना तुम्ही बसा म्हणायला पाहिजे होतं."

साहेबाचं तोंड लाल झालं. "तुमच्यासारखे दहा जण बाहेर उभे आहेत," तो म्हणाला. ते खोटं नव्हतं. बाहेर पडलो तेव्हा बाकावर पोरं-पोरी बसली होती, मांडीवर फाइल धरून, आणि सगळी खाली बघत होती. एका पोरीच्या फाइलमधून चकचकीत कड बाहेर आली होती. मी तिला काहीतरी सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही, कारण मला तिथून पळायचं होतं.

गेटबाहेर आल्यावर मी रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसले. काय करून बसले मी हे? आलेली जागा लाथाडली. आईला काय सांगू? अण्णा शेजारी बसला. म्हणाला, "गेली व्हय नोकरी?"

"गेली."

"माझ्यामुळं."

"नाही," मी म्हणाले. त्याला ऐकू गेलं नाही. मग मी ओरडून म्हणाले, "तू बरोबर केलं होतंस अण्णा. कागद जपला होतास तू." वॉचमन वळून बघायला लागला. बघू दे म्हटलं. त्या दिवशी घरात जे ओरडले होते, ते यानं पुसलं जात नाही. अण्णा अजून माझ्या कागदांना हात लावत नाही. कपाटातून काही काढायचं असलं तर फाइल मला उचलायला सांगतो.

बारावीच्या मार्कलिस्टसाठी बोर्डात अर्ज केलाय. कारण लिहायची जागा होती, तिथं 'माझ्या हातून खराब झाले' असं लिहिलं. मागच्या महिन्यात अक्कलकोट रोडला एका कंपनीत जाऊन आले. तिथंही बाईंनी पदवी हातात घेऊन भुवया उडवल्या. मी म्हणाले, "हे निघणार नाही. खरं-खोटं तुम्ही विद्यापीठाकडून तपासा." त्या म्हणाल्या, कळवतो. कळवलं नाही.

तर असं आहे. नोकरी नाही. सव्वीस संपत आलं. आईचा खोकला वाढलाय. बोलून दाखवलं म्हणून भीती गेली असं मुळीच नाही, उलट वाढली. आता मला माहीत आहे की मी नाही म्हणू शकते, आणि नाही म्हटलं की काय होतं तेही माहीत आहे.

परवा आणखी एका ठिकाणी बोलावलंय. काल रात्री जेवण गेलं नाही. अण्णाला सांगितलंय, तू येऊ नको. माझ्यासाठी तू कुणापुढं हात जोडायचे नाहीत, हे शेवटचं. पदवी आहे तशी नेणार. कुणी गाव विचारलं तर सांगणार, गावाबाहेर घर आहे, पुढचं विचारा. आणि आत गेल्यावर समोर रिकामी खुर्ची दिसली तर मी बसणार. कुणी बसा म्हणायची वाट बघणार नाही.