काळ्या बोंडाच्या ज्वारीमागे सोनपेठला

मानवतच्या स्टँडवरून सकाळची गाडी सुटली तेव्हाच उशीर झाला होता. दुपारच्या आत सोनपेठच्या पुढचं गोदाकाठचं एक गाव गाठायचं होतं. तिथल्या कुशावर्ता नावाच्या बाईकडे काळबोंडी (दाण्याचं बोंड, म्हणजे वरचं टरफल, काळं असलेली जुनी ज्वारी) असल्याचं बाजारात कळलं होतं, आणि तिचं घर त्याच दिवशी ऊसतोडीला निघणार होतं. गेले की उन्हाळ्याशिवाय परतणार नव्हते. रब्बीचा पेरा तर तोंडावर आलेला.

हे वेड मला साठीनंतर लागलं. शेताच्या धुऱ्यावर, बांधाला, आपोआप उगवलेलं एक निराळं कणीस दिसलं, ते पदरात बांधलं, आणि तेव्हापासून जुनी ज्वारी असेल तिथं मी जाते. आता घरात नऊ वाणांची गाडगी आहेत. काळबोंडी तेवढी नाही. का? तर ती आमच्याच घरात होती, आणि नव्या नवरीचा तोरा मिरवणाऱ्या या बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, ती कोंबड्यांना टाकली. पांढऱ्याफेक हायब्रीडच्या भाकरीपुढे गावंढळ दिसायची म्हणे! सासूबाई ओरडल्या, "अगं, बी हाय ते!" मी म्हटलं, "दुकानात मिळतं की." अक्कल मिळत असती तर तीही किलोभर आणली असती.

पाथरी सोडलं आणि गाडी पंक्चर झाली. दोन्हीकडे कापूस फुटलेला, मागे उसाची हिरवी भिंत. एरवी मी बघत बसले असते. त्या दिवशी कंडक्टरच्या मनगटावरचं घड्याळच बघत होते. सोनपेठला उतरून टमटम केली.

"आजी, लगीन हाय का कुणाचं? एवढी घाई कशापायी?" टमटमवाल्यानं विचारलं.

"नवरी पळून जायलीय, दादा. दाब जोरात."

पोचले तर दारात ट्रॅक्टर. ट्रॉलीत अंथरुणं, भांडी, वर बांधलेली शेळी. कुशावर्तानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, एवढ्या लांबून आलात. आदी दोन घास खा." ती आत गेली. बाहेर गाठोड्यावर तिची म्हातारी सासू बसली होती.

"पीठमीठ तर ट्रॉलीत बांधलंय," म्हातारी पुटपुटली. "कशाची भाकर करायलीय काय की."

आतून जात्याची घरघर आली.

माझ्या गुडघ्यांना त्या दिवशी वय आठवलं नाही. आत धावले. जात्याशेजारी गाडगं उपडं, सुपात उरलेली ज्वारी आणि पाखडलेली काळी बोंडं. पाहुणीला उपाशी कसं धाडायचं, म्हणून तिनं बीच दळायला घेतलं होतं!

मी तिचा हात धरला. "थांब. भाकर नको."

कुशावर्ताचा चेहरा पडला. "आमच्या घरचं चालत न्हाई का तुमाला?"

बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. समोर मूठभर बी, आणि मी पानावरून उठलेली पाहुणी. तोंडातून निघून गेलं, "चालतं गं. पण भाकर नको, माझी ओटी भर. याच ज्वारीनं."

ती माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघत राहिली. विधवेची ओटी! सूप तिच्या हातातच अडकलं. मीही घाबरले. चूक झाली की काय?

दारात म्हातारी येऊन उभी होती. तिचंही कपाळ माझ्यासारखंच.

"भर गं," ती म्हणाली. "माजीबी कुणी भरली असती, तर म्या घेतली असती."

कुशावर्तानं सूप माझ्या पदरात रिकामं केलं. मग म्हातारीचाही पदर पसरायला लावून माझ्याच ओटीतली चिमूटभर तिला घातली. म्हातारीनं लगेच गाठ मारली आणि कुणाकडे न बघता ट्रॉलीत चढली.

परतीच्या गाडीत गर्दी होती. दांडा धरायचा सोडून मी दोन्ही हातांनी पदर धरला होता. बियाणं आणायला निघालेली मी, हे मागायची छाती कुठून आली, कोण जाणे. तरुणपणी तर कोणी काय म्हणेल, या एकाच भीतीवर जगले.

शेजारच्या बाईनं सरकून जागा दिली. पदराकडे बघितलं, कपाळाकडे बघितलं.

"सुनेची हाय का ओटी?"

"न्हाई," मी म्हणाले. "माझी."