करिश्माचा पिक्चर आणि दारावरचे शेषेराव

उदगीरच्या चंद्रिका टॉकीजच्या दारावर शेषेराव चाळीस वर्षांपूर्वी कसे आले, ती गोष्ट आधी ऐकायला हवी. वीस वर्षांचा गडी, शाळा सातवीपर्यंत, गाव देवणीच्या बाजूला. वडिलांनी बैल विकायला बाजारात पाठवलं. यानं बैल टॉकीजसमोरच्या खांबाला बांधला आणि म्हणाला, गिऱ्हाईक येईस्तोवर आत काय चाललंय ते बघू. बारा, तीन आणि सहा, तिन्ही शो बघून बाहेर आला तेव्हा खांबाला बैल होता, बैलाशेजारी वडील होते, आणि बैलानं निम्मं पोस्टर खाल्लेलं होतं. वडिलांनी कान धरून मॅनेजरपुढं उभं केलं. "बैल मी नेतो. ह्याला तुम्ही ठिवून घ्या. घरी दोन जनावरं नकोत मला." ते बोलले रागानं, पण मॅनेजरला नेमका माणूस हवा होता, त्यानं खरंच ठेवून घेतलं.

तेव्हापासून काम एकच. तिकीट घ्यायचं, फाडायचं, अर्धं परत द्यायचं, दाराचा पडदा बाजूला सारायचा. लोकांना वाटतं, गेटकीपरची मजा आहे, रोज फुकटात पिक्चर. कसली मजा! कुणी उशिरा येतं, कुणाचं लेकरू रडतं, कुणी मधेच उठतं. शेषेरावांची पाठ कायम पडद्याकडं. मग पिक्चर बघायचा कसा? तर कानानं, आणि माणसांच्या जाण्यायेण्यावरून. त्यातून त्यांनी एक कायदा काढला होता. "गाणं लागल्यावर बाहेरचा माणूस आत पळाला तर पिक्चर चालला. आतला माणूस बाहेर आला तर पडला. बाकी समद्या पोस्टरवरच्या गोष्टी."

एकदा एका बड्या हिरोचा पिक्चर आला. वितरकाचा माणूस पेढे घेऊन दारात उभा. पहिल्याच गाण्याला निम्मं थर्ड क्लास विड्या ओढायला बाहेर. शेषेरावांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "साहेब, पेढा झकास हाय. पर पोस्टरला खळ जरा पातळ लावा. सोमवारी काढायला बरं पडतंय." सोमवारी पोस्टर निघालं. तेव्हापासून वितरकाची माणसं शेषेरावांना पेढा द्यायच्या आधी चहा द्यायला लागली आणि हळूच विचारायला लागली, "मामा, किती आले बाहेर?"

तर अशा माणसाच्या दारात करिश्माचा पिक्चर आला.

शिरूर अनंतपाळची करिश्मा माहीत नाही असा माणूस लातूर-नांदेडात हुडकून काढावा लागेल. ट्रॅक्टरवर तिचं गाणं, वरातीत तिचं गाणं, सोयाबीनच्या राशीवर मोबाइल ठेवून तिचंच गाणं. पण खरी करिश्मा बघावी ती स्टेजवर. गाणं ऐन रंगात आलं की ती हात वर करून वाद्यं थांबवायची आणि समोरच्या गर्दीतल्या कुणालाही विचारायची, "गाव कोणतं वं तुमचं?" समोर बाई असली तर, "सासरचं नको, माहेरचं सांगा मावशी!" जे गाव येईल ते तिथल्या तिथं चालीत बसवून म्हणायची. सासरी तीस वर्षं काढलेली बाई भर मांडवात आपल्या माहेरचं नाव गाण्यात ऐकायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. हसता हसता डोळेही पुसायची.

लातूरला शिकवण्या घेणाऱ्या दयानंद सरांनी तिच्यावर पिक्चर काढायचं ठरवलं. माणूस सरळ आणि कष्टाळू. नीट अभ्यास केला की काहीही पास होतं, ही त्यांची श्रद्धा. त्यांनी वीस वर्षांतले चाललेले पिक्चर पुन्हा बघितले, कितव्या मिनिटाला गाणं आलं, कितव्याला हिरोईन रडली, सगळ्याच्या नोट्स काढल्या आणि त्याबरहुकूम आठ गाण्यांचा 'स्वरकन्या' तयार केला. करिश्माला तळ्याकाठी उभं केलं, डोंगरावर उभं केलं, धुरात उभं केलं. वर्षभर तिचे स्टेजचे कार्यक्रम बंद.

इकडं तिचे वडील अर्जुनराव यांच्याकडं नांदेडचं एक स्थळ येऊन थांबलेलं. मुलगा नोकरीला, घर चांगलं. पण सुनेनं स्टेजवर गायचं नाही, हे त्यांनी आधीच सांगितलेलं. अर्जुनरावांनी भावकीसमोर शब्द देऊन टाकला, "पिक्चर चालला तर पोरगी गाईल. पडला तर हळद लावू." म्हणजे पिक्चरचं जे होणार, तेच तिच्या गळ्याचं होणार होतं.

पिक्चर लागायच्या तीन आठवडे आधी, रविवारी सकाळी, चंद्रिकात ट्रायल शो ठेवला. शिरूर अनंतपाळहून तीन टेम्पो भरून पाहुणे आले. ज्येष्ठांना फेटे बांधले, शाल-नारळ झाले, मग पडदा उजळला. शेषेराव दारावर. समोर संगप्पा, तीस वर्षांपासून टॉकीजच्या आवारात शेंगा-फुटाणे विकणारा, त्यांचा जुना जोडीदार.

पहिलं गाणं लागलं. आत चिडीचूप. दुसऱ्याला दोघं बाहेर आले. तिसऱ्याला सात. चौथ्याला तर एक फेटेवाले आजोबाच बाहेर आले आणि फेटा काढून डोकं खाजवत उभे राहिले.

"का हो आजोबा, कसा हाय पिक्चर?"

"लई भारी! आपलीच पोरगी हाय की."

"मग बाहेर कामून आलाव?"

"गाणं चालू हाय न्हवं. संपलं की जातो."

संगप्पा पुडी बांधता बांधता म्हणाला, "शेषेराव, आज आपल्या दोघांशिवाय खरं बोलणारं कुणी न्हाई बगा. आणि आपल्याला कुणी इचारणार न्हाई."

शो संपला. जो तो करिश्माच्या डोक्यावरून हात फिरवून "नाव काढलंस गं बाई" म्हणत होता. घरच्या लेकीचं कौतुक करताना हात आखडता घ्यायचा नाही, ही आपल्याकडची रीतच आहे. त्यात वाईट काही नाही. पण दयानंद सर बिचारे आनंदानं फुलून गेले होते. "बघितलंत? टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता! कुणी हूं की चूं केलं नाही!" त्यांच्या वर्गात शांतता असली की पोरं शिकतायत असा अर्थ होता. टॉकीजमध्ये त्याचा अर्थ उलटा असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पाहुणे टेम्पोत चढायला लागले तशी करिश्मा एकटीच मागं आली आणि दाराशी उभी राहिली.

"मामा, गोड बोलणारे समदे झाले. आता तुमी सांगा."

चाळीस वर्षांत शेषेरावांनी पिक्चरवाल्यांना सांगितलं होतं, पण गाणाऱ्या माणसाला तोंडावर कधी सांगितलं नव्हतं. वर आज शाल-नारळाचा दिवस. त्यांनी पायातली चप्पल उगाच नीट केली.

"पोरी, मी दारावरचा माणूस."

"म्हणून तर इचारून राहिले. वडिलांनी शब्द दिलाय, ठाव हाय न्हवं तुमाला? पडायचाच असंल तर आज कळू द्या."

"पडला," शेषेराव म्हणाले. "भांडणाच्या सीनला एकबी माणूस बाहेर आला न्हाई. तुझ्या गाण्याला सतरा आले."

तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं, पण तिनं ते बाहेर येऊ दिलं नाही. "गाणी वाईट हायत?"

"गाणी बेस हायत. तुझा गळा तर सोन्याचा. पर पोरी, तू म्हणून राहिलीस कुणाला? तळ्याला? डोंगराला? मी तुझा कार्यक्रम वलांडीला बगितलाय. तू इचारतीस, माणूस उत्तर देतोय, मग तुझं गाणं पुढं सरकतंय. निम्मं गाणं तुझं आणि निम्मं त्यांचं असतंय. ह्या पिक्चरमधी त्यांचं निम्मं कापून टाकलं तुमी. मग त्यांनी आत बसून करावं काय?"

करिश्मा तशीच वळली. जाऊन दयानंद सरांना घेऊन आली. मागोमाग अर्जुनराव आले, तापलेले. "तिकिटं फाडणारा आता आमाला अक्कल शिकवणार का?"

"शिकवत न्हाई, अर्जुनराव," शेषेराव शांतपणे म्हणाले. "सर, एक करा. परवा बाजाराचा दिवस हाय. पाव्हण्यांना बोलवू नका. बाजाराला आलेल्या माणसाला दाखवा. आणि तुमी आत बसू नका. माझ्या स्टुलावर बसा."

सरांना हे पटलं. एकाचा पेपर दुसऱ्यानं तपासावा, हा त्यांचाही नियम होता. बाजाराच्या दिवशी कपाळाला घाम आलेले सर स्टुलावर, शेजारी शेषेराव उभे. पहिल्या गाण्याला दाराचा पडदा सरला आणि चौघं बाहेर आले. दुसऱ्याला डझनभर. भाजीची पिशवी घेतलेल्या एका बाईनं सरांनाच गेटकीपर समजून विचारलं, "भाऊ, अजून किती गाणी हायत? कोथिंबीर सुकून चालली माजी."

सहाव्या गाण्यानंतर सर उठले. मग म्हणाले, "नापास. आणि चूक विद्यार्थिनीची नाही, मास्तरची आहे." एवढं बोलायला छाती लागते. शेषेरावांच्या मनात त्या दिवसापासून सरांची किंमत वाढली ती वाढलीच.

पिक्चरमधली चार गाणी काढली. त्यांच्या जागी एकच नवं गाणं घ्यायचं ठरलं, आणि तेही देवणीच्या जनावरांच्या बाजारात, खऱ्या माणसांसमोर. सरांनी शेषेरावांना गाडी पाठवून नेलं. बाजारात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची देवणी जनावरं एका बाजूला, माणसं दुसऱ्या बाजूला, मधे एक ट्रॉली आणि ट्रॉलीवर करिश्मा. सर सवयीनं गर्दीला समजवायला लागले, "मी हात केला की तुम्ही ओरडायचं, एकदाच, एका सुरात..."

"सर," शेषेराव म्हणाले, "उजळणी नको. तिला सोडा आणि यंत्र चालू ठेवा. कोण चुकलं, कोण मधेच बोललं, काही झालं तरी थांबवू नका."

वर्षभर माणसांपासून तोडलेली ती पोर ट्रॉलीवर उभी राहिली, आणि पहिल्या ओळीला तिचा आवाज जरा कापला. मग तिनं हात वर केला. "मावशी, गाव कोणतं वं?"

समोर नागाबाई नावाची म्हातारी होती, नातवासोबत गाय बघायला आलेली. तिला यंत्रबिंत्र काही माहीत नव्हतं. "कोणतं सांगू? मरायचं का जन्माचं?"

गर्दी खो खो हसली. "जन्माचं सांगा!"

"मुखेडाकडलं हाय बग. बाऱ्हाळी!"

बाऱ्हाळी चालीत बसली. मग कुठून कुठून नावं यायला लागली, नळेगाव, साकोळ, औराद, देगलूर, कंधार, कुणीतरी लांबून माहूर म्हणून ओरडला, तर दुसऱ्यानं त्याला सुनावलं, "तू कवा गेलतास रं माहूरला?" करिश्मानं तेही गाण्यात घेतलं. गाणं पाच मिनिटांचं ठरलं होतं, ते अकरा मिनिटांचं झालं. सर घड्याळ बघायचं विसरून गेले होते.

पिक्चर लागला त्या शुक्रवारी बाराच्या शोला टॉकीज निम्मी भरली. देवणीच्या बाजाराचं गाणं लागलं आणि आतून असा गलका उठला की संगप्पानं तराजू तसाच टाकला आणि दाराच्या पडद्यातून आत डोकं घातलं. पडद्यावरची करिश्मा विचारत होती आणि खुर्च्यांवरच्या बाया तिला उत्तर देत होत्या. ज्यांच्या गावाचं नाव पडद्यावर नव्हतं त्या तर जास्तच मोठ्यानं सांगत होत्या. तीनचा शो भरला. सहाच्या शोला बाहेर माणूस मावेना. दुसऱ्या आठवड्यात सरांचा फोन आला, तिकडं पुण्याजवळ भोसरी-चाकणला पिक्चर भरून चाललाय; कारखान्यात कामाला गेलेली आपली पोरं पाळी संपवून थेट टॉकीजमध्ये येतायत आणि आपल्या गावाच्या नावाला उठून उभी राहतायत. "पुण्याची माणसं त्यांच्याकडं बघून उठतायत, मामा!" सर ओरडत होते. शेषेरावांनी फोन कानापासून जरा लांब धरला, संगप्पालाही ऐकू जावं म्हणून.

तिसऱ्या रविवारी अर्जुनराव आले. धुतलेलं धोतर, नवी टोपी, सोबत भावकीतले दोघं. सरळ दाराशी आले आणि पडद्याला हात घातला.

"तिकीट?" शेषेराव म्हणाले.

"अहो, मी करिश्माचा बाप!"

"ठाव हाय. तिकीट?"

अर्जुनराव खिडकीवर गेले. खिडकी बंद, वर 'हाऊसफुल्ल'ची पाटी. ते पाटीपुढं उभे राहिले, ती दोनदा वाचली, भावकीतल्या दोघांनाही वाचायला लावली. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधूनही सापडला नसता. एवढ्यात त्यांचा फोन वाजला. नांदेडचे पाहुणे. अर्जुनरावांनी आवारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात फोन घेतला.

"हाव, बोला पाव्हणं... न्हाई न्हाई, हळदीचं राहू द्या आता... अहो, हितं मला बापाला तिच्या पिक्चरचं तिकीट मिळंना, तुमाला पोरगी कुठून मिळंल? पोरगी गाऊन राहिली. लग्नाचं काय ते तिलाच इचारायचं आता... हाव. रामराम."

फोन खिशात टाकून ते दाराशी परत आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "शेषेराव, त्या दिवशी मी तुमाला बोललो..."

"गाणं लागलंय," शेषेराव म्हणाले, आणि पडदा बाजूला सारून त्यांनी अर्जुनरावांना भिंतीला लागून उभं राहायला जागा करून दिली.